ऑलिंपिक प्रवेश : पात्रता व अटी

ऑलिंपिकमध्ये कोणते खेळ असावेत हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ठरवते. ते कशाच्या आधारावर ठरवायचे, हेही तीच ठरवते. एकेकाळी नियम लेखी आणि सोपा होता. पुरुषांचा खेळ किमान 75 देशांत व चार खंडांत, महिलांचा 40 देशांत व तीन खंडांत रुजलेला असावा. हे गणित चौथीतल्या मुलालाही सुटत असल्याने समितीला फारसे काम उरत नसे. 2014च्या सुधारणांपासून यजमानांनाही जादा खेळ सुचवता येतात. ज्याच्या दारी पंगत, त्याच्या आवडीचे पक्वान्न. त्यानुसार 2024मध्ये पॅरिसने ब्रेकडान्स वाढला. त्यात सुवर्ण कोणी नेले हे फारसे कोणाला आठवत नाही. एकही गुण न मिळालेली ऑस्ट्रेलियन स्पर्धक मात्र जगाला तोंडपाठ आहे. पॅरिसला समुद्र नसल्याने सर्फिंग पंधरा हजार किलोमीटरवरच्या ताहितीत उरकण्यात आले. 2028च्या लॉस एंजेलिसच्या यादीत ब्रेकडान्स नाही.

खेळ जुना असणे ही पात्रता नव्हे. कुस्ती प्राचीन ऑलिंपिकमध्ये इ.स.पू. 708पासून होती. फेब्रुवारी 2013मध्ये समितीच्या कार्यकारी मंडळाने 2020पासून तिला वगळण्याची शिफारस केली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे अमेरिका, इराण आणि रशिया तिच्यासाठी एका बाजूला आले. जागतिक संघटनेने अध्यक्ष बदलला, नियम बदलले, आणि सप्टेंबरात ब्युनॉस आयर्सला स्क्वॉश व बेसबॉल-सॉफ्टबॉल यांना चीत करून कुस्तीने स्वतःचीच जागा नव्याने मिळवली. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले ते याच खेळात. पण निकषांच्या रकान्यांत गोळेश्वर बसत नाही.

त्याच फेब्रुवारीत धोक्यात असलेला मॉडर्न पेंटॅथलॉन मात्र सुखरूप सुटला. त्याच्या जागतिक संघटनेचे एक उपाध्यक्ष, समितीच्या माजी अध्यक्षांचे चिरंजीव, तेव्हा कार्यकारी मंडळावर होते. योगायोग कोणाच्याही वाट्याला येतो. तलवारबाजी, पोहणे, घोडेस्वारी, नेमबाजी आणि धावणे असा हा पंचरंगी खेळ 1912पासून चालत आला होता. यात स्पर्धकाला चिठ्ठीने मिळालेल्या अनोळखी घोड्यावर बसावे लागे. टोकियोत आघाडीवर असलेल्या जर्मन खेळाडूचा घोडा अडून बसला. प्रशिक्षक बाईंनी त्याला गुद्दा लगावला, तो जगाने टीव्हीवर पाहिला, आणि पॅरिसनंतर घोडाच खेळातून वजा झाला. त्याच्या जागी आता अडथळ्यांची शर्यत आहे. शंभर वर्षांची परंपरा मोडीत काढायला कुठलाही अभ्यासगट जे करू शकला नसता, ते घोड्याने जागचे न हलता केले.

क्रिकेटची फेरतपासणी 123 वर्षे चालली. 1900 साली पॅरिसला झालेल्या एकमेव सामन्यात दौऱ्यावर आलेला एक इंग्लिश क्लब ग्रेट ब्रिटन म्हणून उतरला आणि फ्रान्सकडून बहुतांशी पॅरिसवासी इंग्रजच खेळले, दोन्हीकडून बारा-बारा. आपण ऑलिंपिक खेळतो आहोत, याची त्यांना कल्पनाही नव्हती. ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईच्या अधिवेशनात क्रिकेटसह पाच खेळ 2028साठी मंजूर झाले, तेव्हा विरोधात दोनच हात वर गेले. या जवळपास एकमताचा संबंध भारतातल्या प्रक्षेपण हक्कांशी जोडणे खिलाडूवृत्तीला धरून नाही. पुरुष आणि महिला गटांत प्रत्येकी सहा संघ असतील. 75 देशांची अट वेळीच मागे पडली, हे बरे झाले.

कबड्डी 1990पासून आशियाई स्पर्धांत आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी तिची प्रात्यक्षिकेही करून दाखवली होती. तरी तिला प्रवेश नाही. सध्याच्या नियमांत तिच्यापुढे खात्रीची वाट एकच आहे : भारताने यजमान व्हावे आणि तिचे नाव सुचवावे. 2036च्या यजमानपदासाठी भारताने ऑक्टोबर 2024मध्ये समितीला इरादापत्र दिले आहे.