कोटीच्या बकऱ्या आणि वाघोबाचं कोंबडं

अखेर राज्याच्या वनखात्याला बिबट्याचा हिशेब जमला. डिसेंबर 2025 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी खुद्द वनमंत्री गणेश नाईक यांनी तो मांडला. बिबट्याने माणूस मारला की वारसांना 25 लाख द्यावे लागतात. चार माणसं गेली की झाले एक कोटी. त्यापेक्षा आधीच कोटीभराच्या बकऱ्या जंगलात सोडल्या तर? बिबट्या तिथेच जेवेल, गावात फिरकणार नाही. त्रैराशिक बिनचूक आहे. बकऱ्या जंगलातच थांबतील आणि बिबट्या बकऱ्यांपाशीच थांबेल, एवढं फक्त गृहीत धरायचं. त्याच अधिवेशनात जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेश करून विधानभवनात आले होते. त्यांनाही कुणी बकरी देऊ केल्याचं ऐकिवात नाही.

नाईकसाहेब पालघर जिल्ह्याचे पालकमंत्रीही आहेत. म्हणजे डहाणू-तलासरीतल्या बिबट्यांचे ते दुहेरी पालक. तेव्हा इकडची थोडी खबर त्यांच्या कानावर घालतो.

साहेब, ही योजना आमच्याकडे फार जुनी आहे. तिला शासन निर्णय नाही, निविदा नाही, ठेकेदार तर नाहीच. वारल्यांच्या पाड्यांवर वाघोबाची ठाणी असतात. कुठे शेंदूर लावलेला दगड, कुठे लाकडावर कोरलेला वाघ. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस आली की पूजा होते, कोंबडं कापतात, ऐपत असेल तर बकरा. मूळचा पट्टेरी वाघ इथून कधीच गेला. त्या पदाचा अतिरिक्त कार्यभार सध्या बिबट्याकडे आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडियाच्या अभ्यासकांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून अशी सुमारे 150 ठाणी नोंदवली. वाघोबाच्या कथेत चक्क करार आहे. गावाने ठाणं बांधावं, वर्षातून एकदा मान द्यावा. वाघोबाने गावाला त्रास देऊ नये. खर्च एका कोंबड्याचा, आणि तेही प्रसाद म्हणून पाड्याच्याच पोटात जातं. कोटीच्या योजनेत एवढी काटकसर कुठून आणणार?

या कराराने बिबट्या शाकाहारी झाला, असं कुणी वारली म्हणत नाही. कधी कोंबडी जाते, कधी शेळी, कधी अंगणातला कुत्रा. आणि ज्या घरातलं पोर जातं, त्या घराला ना कथा पुरते, ना 25 लाख. पण आपल्या शेजारी दात असलेला कुणी राहतो, हे इथल्या माणसाने मान्य केलेलं असतं. अंधार पडला की पोरं घरात आणि शेळ्या कुडात, हा त्या करारातला माणसाच्या बाजूचा भाग.

सरकारनेही इथे एक करार केला होता. 20 जून 1991 रोजी केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. भोवती 25 किलोमीटरचा राखीव पट्टा आखला, उद्योगांना लगाम घातला. पाच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं आणि 1998 मध्ये त्याने इथल्याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराला नकार दिला. धर्माधिकारी गेले. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने त्याच बंदराला होकार दिला. 19 जून 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटींचा प्रकल्प मंजूर केला. अधिसूचनेचा 33 वा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता. सरकारी भेट सहसा उशिरा पोचते, ही एक दिवस आधीच पोचली.

आता बिबट्याची अडचण बघा. रेल्वे उत्तर-दक्षिण. तिच्या जोडीला मालगाड्यांचा नवा मार्ग उत्तर-दक्षिण. मुंबई-अहमदाबाद महामार्ग उत्तर-दक्षिण, वडोदरा द्रुतगती मार्ग उत्तर-दक्षिण, बुलेट ट्रेनही उत्तर-दक्षिण. सगळ्यांना मुंबईहून गुजरात गाठायचाय. बिबट्याला मात्र गुजरातेत काही काम नाही. त्याला डोंगरावरून ओढ्याकडे आणि ओढ्यावरून चिकूच्या वाडीकडे जायचं असतं, म्हणजे आडवं. राष्ट्राच्या विकासाला जो आडवा जातो त्याचं काय होतं, हे महामार्गावरच्या ट्रकवाल्यांना विचारा. आपल्या नुकसानभरपाईच्या यादीत वाघ आहे, बिबट आहे, अस्वल आहे, गवा आहे, अगदी मगरसुद्धा आहे. ट्रक नाही. त्यामुळे बिबट्या रस्त्यात मेला तर तो फक्त पंचनामा होतो आणि रस्ता ओलांडून जिवंत आला तर ‘दहशत’ होतो.

दोन करारांपैकी एक लेखी आहे, राजपत्रात छापलेला आहे, न्यायालयाने उचलून धरलेला आहे. दुसरा तोंडी आहे आणि त्यातला एक पक्ष तर जनावर आहे. तरी टिकला आहे तो दुसराच. लेखी कराराची कलमं कशी वळवायची हे शिकलेल्या माणसाला कळतं. बिबट्या शिकलेला नाही आणि वाघबारशीला बसलेल्या पाड्याला वळवावळवीत रस नाही.

तेव्हा पालकमंत्री साहेब, कोटीच्या बकऱ्या राहू द्या. त्या खरेदी कशा होतील, वजनं कोण करेल आणि जंगलात पोचेपर्यंत किती उरतील, हे आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना सांगायला नको. बंदराला भराव लागणार, भरावाला मुरूम लागणार आणि मुरूम डोंगरातून येणार. जंगलात काही सोडायचंच असेल तर बकऱ्या सोडू नका, दोन-चार डोंगर तेवढे सोडा. बाकीचं वाघोबा आणि पाडे आपसात बघून घेतील.