पत्र कुठे अडलं? नव्या पोस्टमास्तरांसाठी

अभिनंदन! सर्व्हर भाड्याने घेऊन, त्यावर पोस्टफिक्स चढवून तुम्ही स्वतःच्या डोमेनचे पोस्टमास्तर झालात. पहिलंच पत्र मामेबहिणीला, मुलाच्या मुंजीचं आमंत्रण. ते तिला मिळालेलं नाही. आता असं करावं.

ताईला फोन करून ‘स्पॅममध्ये बघ’ म्हणावं. ‘ते कुठे असतं?’ असं ती विचारेल. विषय बदलावा.

मग ‘मेलक्यू’ ही कमांड द्यावी. पत्र रांगेतच पडलेलं असेल आणि शेजारी ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दिसत असेल, तर पोर्ट २५ बंद आहे. घरगुती ब्रॉडबँडवाले आणि कित्येक क्लाउडवाले तो मुद्दामच बंद ठेवतात. कॉन्फिग फाइलशी कितीही झटापट केली तरी तो उघडत नाही. (मी चार रात्री केली.) कंपनीकडे अर्ज करावा, भाषा नम्र ठेवावी.

पोर्ट उघडला की खरी परीक्षा. १९८२ साली एसएमटीपी लिहिला गेला तेव्हा पाठवणारा जे नाव सांगेल ते खरं धरत. आता स्थळाची करावी तशी चौकशी होते. आधी आयपीवरून उलट नाव शोधतात. ही पीटीआर नोंद स्वतःच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये शोधत बसू नये. ज्याने आयपी दिला त्याच्या पॅनेलवर ती असते. एसपीएफची नोंद एकच ठेवावी. जास्त पुण्य लागेल म्हणून दोन लिहिल्या तर दोन्ही वाया जातात. डीकेआयएमची सही करावी. फेब्रुवारी २०२४ पासून या दोहोंपैकी एक तरी जीमेल प्रत्येकाकडे मागतं. आपण दोन्ही द्यावीत.

एवढं करूनही पत्र कधी जातं, कधी परत येतं? आयपीव्ही६ तपासावा. तुम्ही आयपीव्ही४ची पीटीआर नटवलीत; सर्व्हर अधूनमधून दुसऱ्याच दाराने, बिननावाचा बाहेर पडतोय. तिथेही नोंद करावी, नाहीतर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगावं. आणि आयपी काळ्या यादीत निघाला, तर ते आधीच्या भाडेकरूचे प्रताप असू शकतात. यादीवाल्यांना तसं कळवावं.

उत्तराचा आकडा नीट वाचावा. ५ने सुरू झाला तर ‘येऊ नका’. ४ने सुरू झाला तर ‘नंतर या’. काही सर्व्हर अनोळखी माणसाला पहिल्या खेपेला मुद्दाम असंच परतवतात. खरा असेल तो पुन्हा येईल, हा हिशोब. पोस्टफिक्स सहसा पाच दिवस खेटे घालतो. मुंज चौथ्या दिवशी असेल तर फोनच बरा.

माझं आमंत्रण शेवटी पोचलं. ‘लगेच उत्तर दिलं होतं की,’ ताई म्हणाली. मी लॉग उघडला. ४५०. माझ्याच सर्व्हरने जीमेलला ‘नंतर या’ सांगितलं होतं, आणि जीमेल दर खेपेला नव्या आयपीवरून येत होतं.