काय उजेड पाडला!

परोपकार जरूर करावा. पण ज्याच्यावर केला त्याला तो कळायला हवा, नाहीतर खर्च कशाला करायचा, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीच्या दिव्यांनी नेमकी इथेच माझी पंचाईत केली. समोरच्याचे डोळे न दिपवता आपला उजेड वाढवणं ही अशी सुधारणा आहे की ती साधली तर कोणी काही बोलतच नाही. बोललंच, तर ती फसली.

नाना पेठेतल्या दुकानदाराला हे मान्य नव्हतं. "साहेब, एलईडी टाका. सहा हजार केल्विन. समोरचा आपोआप गाडी खाली घेतो." या वयात आपल्यासाठी कोणी आपोआप बाजूला होतं ही कल्पना फार सुखाची आहे. घरात तर मी आलो म्हणून कोणी सोफ्यावर सरकतही नाही. पण मला वाचायची खोड आहे, आणि वाचलेलं ऐकवायची त्याहून वाईट. मी काउंटरवर कोपर टेकवलं.

म्हटलं, माझ्या जुन्या गाडीत एच-फोर बल्ब आहे. त्यात दोन तारा. अप्परची ६० वॉटची, डिपरची ५५ ची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. त्या वाटीमुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर उतरतो. वर काळोख, खाली उजेड, मधे रेघ. आपण डावीकडून जातो, म्हणून ती रेघ डाव्या अंगाला १५ अंशांनी वर चढते. साईडपट्टी, मैलाचे दगड, चालणारी माणसं दिसावीत, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत काही जाऊ नये. हे सगळं गणित तार नेमकी कुठे आहे यावर उभं. तिथे मिळेल तो एलईडी खोचणं म्हणजे आजोबांचा चष्मा नातवाला लावणं.

दुकानदार म्हणाला, "बरोबर आहे. तुम्हाला घ्यायचं काय आहे?"

मग त्याने शंभर-नव्वदचा बल्ब पुढे केला. १०० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर आठ अँपिअरच्या वर करंट. माझ्या गाडीच्या वायरी पाचाच्या हिशेबाने ओढलेल्या. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळवंडतो. मी घेतला तो पुन्हा ६०/५५ चाच बल्ब, सोबत रिले आणि जाड वायर. जुन्या गाडीत बॅटरीचा करंट स्विचमधून वळसे घेत दिव्यापर्यंत पोचतो तेव्हा वाटेत व्होल्टेज गळतं. ते दहा टक्के गळलं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. तो वळसा टाळायला रिले बसवला, पिवळी पडलेली काच (ती काच नसतेच, प्लॅस्टिक असतं) पॉलिश करून घेतली, आणि रस्ता दिसू लागला. खर्च इतका कमी झाला की कोणाला सांगायचीही लाज वाटावी.

राहिला फोकस. गाडी सोसायटीच्या भिंतीपासून दहा मीटरवर उभी करायची, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखायची आणि उजेडाची रेघ तिच्या दहा सेंटिमीटर खाली आणायची. टायरमध्ये हवा बरोबर हवी आणि चालकाच्या जागी चालकाइतकं वजन हवं. हे शेवटचं मी हिला जरा मोकळेपणाने सांगितलं. "अहो, म्हणजे वजन म्हणून बोलावलंत?" एवढं विचारून ती बसली, पण पुढचा आठवडाभर पोळ्या मोजून मिळाल्या.

आता डिपरबद्दल बोलतो. तशी गरज नाही, पण तो माझा आवडता विषय आहे. आपल्याकडे डिपर हा दिवा नसून संभाषण आहे. एकदा मारला तर "मी आलोय, तू थांब." अरुंद पुलावर दोघांनी एकदम मारला तर "बघू कोण थांबतं." भर दुपारी मारला तर "पुढे मामा उभे आहेत", आणि तेवढ्यापुरती महाराष्ट्रातली तमाम जनता एकमेकांची सख्खी असते. रात्री दोनदा मारला तर "अप्पर खाली घे". तिसऱ्यांदा मारला तर त्यात आईबहिणीचा उल्लेख गृहीत धरावा. इंग्लंडात वाहतुकीचं नियमपुस्तक सांगतं की दिवे उघडमीट करायचे ते फक्त "मी इथे आहे" हे कळवायला. प्रत्यक्षात तिथली माणसं ते "तुम्ही आधी" म्हणून करतात. माझा मावसभाऊ तिकडे नवीन असताना समोरच्याने डिपर मारला. हा पुण्याचा, मुकाट थांबला. समोरचा सौजन्याने थांबलेला, हा धसक्याने. मागच्याने हॉर्न दिला नसता तर दोघं अजून तिथेच असते.

आपल्याकडे कोणी थांबत नाही आणि अप्परही खाली घेत नाही, याचा मात्र मला मनापासून राग येतो. गळीत हंगामात सांगली-कोल्हापूरकडे रात्री निघा. उसाच्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर पाल्याने झाकलेला. समोरून कोणी अप्परवर आला की त्या झोतापुढे हे सगळं नाहीसं होतं. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. तीन सेकंद डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ५० मीटर आपण आंधळे. त्या ५० मीटरांत बीडकडून तोडीला आलेलं एखादं जोडपं असतं. उसावर पोर निजलेलं असतं आणि बैल सवयीने चालत असतात. ज्याने अप्पर मारला तो एव्हाना कराडला पोचून चहा पीत असतो.

तेव्हा एक विनंती. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या आसपास शून्य ते तीन आकडे असलेलं एक छोटं चाक असतं, आणि बरेच जण गाडी विकेपर्यंत त्याला हात लावत नाहीत. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं आणि साधा डिपरही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यासाठी ते आहे. कोकणातून येताना मागे माणसं आणि डिकीत पेट्या असतील, तर ते दोनवर ठेवा. आंबे उतरवले की आठवणीने शून्यावर आणा, नाहीतर पुढचा रस्ता बंपरपाशीच संपेल.