शंभर नारळ, बारा मिनिटं

आमच्या आणि कुसुमकाकूंच्या आगराच्या मध्ये कमरेएवढा जांभ्याचा गडगा आहे. त्यातले दोन चिरे माझ्या लग्नाच्या वर्षी पावसात ढासळले, ते अजून कोणी रचले नाहीत. त्याच खिंडीतून ताक, कढीपत्ता आणि वाडीतल्या बातम्या इकडून तिकडे जातात. सकाळची भांडी झाली की काकू सूप घेऊन तिकडून टेकतात, मी इकडून.

परवा मी दिसताच त्यांनी तांदूळ पाखडायचे थांबवले.

"काय गो शुभा, चार दिवस झाले येऊन, नि तोंड दाखवलं नाहीस. केरळात काही करून आलीस की काय?"

या बाईला वास येतो. मी आधी पडवीकडे बघितलं. ह्यांची सायकल जागेवर नव्हती. म्हणजे बाजारात. मग खिंडीपाशी सरकले.

"काकू, कुणाला सांगायचं नाही."

"मी कुणाला सांगते?"

ह्याला उत्तर नसतं.

"मी उडाले."

"कुठनं पडलीस?"

"पडले नाही हो, उडाले. पॅराग्लायडिंग. वर्कल्याला कड्यावरनं."

"आपल्या मालवणात करतात तेच ना? होडी पळते नि मागे माणूस पतंगासारखा?"

"ते पॅरासेलिंग. त्यात दोरी होडीला बांधलेली. ह्याच्यात दोरीबिरी नाही कुठे. वर कापडाचा पंख, खाली आपण, नि मागे चालवणारा."

काकूंनी सूप गडग्यावर ठेवलं. "मागे म्हणजे? चालवणारा कोण?"

"पंचविशीतला पोरगा होता."

"परका?"

"म्हणजे काय, घरचा कुठनं आणू?"

"नि बांधतात?"

"मला पुढे पट्ट्यांनी आवळलं, मागे तो. दोघं एकाच पंखाला लोखंडी कड्यांनी लटकलेले."

"मांडीवर बसवतात म्हण की सरळ."

"पुढ्यात, काकू. पुढ्यात."

त्या काही क्षण गप्प राहिल्या. एवढ्या ऐवजावर वाडीचं हळदीकुंकू निघेल, याचा हिशेब चालला असावा. मग म्हणाल्या, "तू तर देवाला गेली होतीस ना?"

गेले होते, त्यात खोटं नाही. आम्ही भिशीतल्या सात जणी. रत्नागिरीला नेत्रावती धरली, एक रात्र नि वर जवळजवळ दिवसभर गाडीत काढून वर्कला शिवगिरीला उतरलो. जनार्दनस्वामींचं देऊळ बघितलं. तिथे एक घंटा आहे, बुडालेल्या डच जहाजावरची. कप्तानाने माणसं वाचली म्हणून देवाला दिली, असं सांगतात. शिवगिरीला नारायण गुरूंची समाधी बघितली. खाली समुद्रकिनारा आहे त्याचं नावच पापनाशम. लोक पितरांचं तर्पण करायला येतात. सकाळी ओल्या वाळूत केळीच्या पानावर पिंड मांडलेले, भटजी बसलेले, नि त्यांच्या डोक्यावरून रंगीत पंख फिरतायत.

"म्हणजे खाली पापं धुतात नि वर तू नवी करतेस," काकू म्हणाल्या.

"मी नुसती बघत उभी होते. आमच्या भिशीतल्या एकीने चेष्टेत म्हटलं, शुभाताई जाणार का? नि माझ्या तोंडातून हो निघून गेलं. साठाव्या वर्षी तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही, सहा जणी साक्षीदार असताना तर नाहीच."

"भीती नाही वाटली?"

खरं सांगायचं तर पहिली भीती वजनाची. पोरगा खड्या आवाजात विचारतो, आंटी, वजन कितना? मागे रांग उभी. मी अडुसष्ट म्हटलं. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं नि म्हणाला, आंटी, खोटं बोलू नका, कुठलं कापड काढायचं ते त्यावर ठरतं. दोघं नि सामान मिळून दोनशे-सव्वादोनशे किलो पेलणारे पंख असतात, पण कोणता पंख कोणत्या वाऱ्याला, हा हिशेब त्याचा. मग मी कानात खरा आकडा सांगितला.

"किती गो?"

"काकू, त्यालाच सांगितला फक्त."

वर आणखी एक फजिती. मी विचारलं, बाबा रे, तू कुठला? तो म्हणाला, बीड का हूँ. मला केवढा आनंद! म्हटलं, अरे मग आधी नाही का बोलायचं, आमची नणंद अंबाजोगाईला दिली आहे. मी आपली सरळ मराठीत सुटले. तो हसतोय, मान डोलावतोय. मागाहून कळलं, हे बीड वेगळं. हिमाचलातलं बीड-बिलिंग. तिकडे सगळं गावच उडतं म्हणे. 2015 साली या खेळाचा विश्वचषकही तिथे झाला. थंडी पडली की ही पोरं दक्षिणेला समुद्रावर येतात, आपल्याकडे पूर्वी घाटावरून धनगर उतरायचे तशी.

"कपडे काय घातलेस?"

"पंजाबी ड्रेस. ओढणी काढून ठेवायला लावली, पायांत बूट पाहिजेत म्हणाला. डोक्याला हेल्मेट."

"बरं केलंस. लुगडं असतं तर..."

"तुमचं लुगडं गेल्या मे महिन्यात एकटंच उडून आमच्या आंब्यावर बसलं होतं. आठवतं? तेच तंत्र, काकू. कापडाच्या पुढच्या काठाला उशीच्या अभ्र्यासारखी तोंडं असतात, ओळीने. वारा आत शिरतो, कापड फुगतं नि त्याला घारीच्या पंखासारखा बाक येतो. मग ते छत्रीसारखं खाली येत नाही, पुढे सरकतं. नि ज्या दोऱ्यांना आपण लटकतो त्या एवढ्या बारीक, की मी म्हटलं, अरे ह्या दोऱ्या का रांगोळीच्या रेघा?"

"नि उडी मारायची?"

"उडीच नाही! इथेच सगळे फसतात. त्याने सांगितलं, मी म्हणेन तेव्हा धावायचं नि मी थांब म्हणेपर्यंत बसायचं नाही. तो कापड वर घेतो, ते डोक्यावर येतं नि आपल्याला आधी मागे ओढतं. मला वाटलं, जमत नाहीये, बरंच झालं. मग म्हणाला, आंटी, दौडो. चार पावलं टाकली असतील. पाचवं कुठे पडलं नाही."

काकूंच्या हातातला तांदूळ तसाच राहिला होता.

"पोटात गोळा?"

"नाही ना! त्याचंच नवल. जायंट व्हीलमध्ये येतो तसा गोळा येईल म्हणून मी दात आवळून रामरक्षा सुरू केली होती, मोठ्याने. खाली जायचं सोडून आम्ही वर चाललो होतो. लिफ्टमध्ये जातो तसे. तो मागून म्हणतो, आंटी, फोन बंद करो."

काकू एवढ्या हसल्या की तिकडून त्यांची सून डोकावून गेली. ती जाईपर्यंत आम्ही कुळथाच्या भावावर बोललो.

"आता नीट सांग, वर कसे गेलात? इंजिन तर नाही."

"वारा, काकू. समुद्रावरनं येतो तो सरळ कड्यावर आदळतो. पुढे भिंत, जाणार कुठे? वर चढतो. कड्याच्या तोंडाशी त्या चढत्या वाऱ्याचा एक पट्टा असतो, त्यात राहायचं. कड्याला समांतर जायचं, वळायचं, परत यायचं. वळायचं ते कायम समुद्राच्या बाजूला, कड्याकडे कधीच नाही. समोरनं दुसरा आला तर ज्याच्या उजव्या हाताला कडा त्याचा रस्ता आधी. आंबा घाटात चढणाऱ्या गाडीला आधी सोडतात ना, तसा कायदा आहे वर. नि कड्याच्या मागे गेलात तर मेलात. तिथे वारा गडबडा लोळतो, कापड मिटतं. म्हणून वारा फार वाढला की ही पोरं उतरतात. पंखाच्या वेगाहून वारा जोराचा झाला की तो मागे मागे ढकलत नेतो, माडांवर."

तिथे एक घारही होती. डोकं पांढरं, पंख विटकरी. पंख न हलवता आमच्या शेजारून गेली नि पोराने तिच्याच मागे पंख वळवला. म्हणाला, ती जिथे चढते तिथे वारा चांगला.

"आपल्या बंदरावर फिरते तीच. ब्राह्मणी घार," काकू म्हणाल्या, "मासे पळवते मेली."

"तीच. पण तिच्या रांगेत बसून बघितलं तर वेगळी दिसते."

मग मी त्यांना खालचा कडा सांगितला. हे मला सगळ्यांत आधी सांगायचं होतं, पण काकू मांडीवरून हलतील तेव्हा ना! समोर कडा आला तेव्हा मला वाटलं, आपण आपला गडगाच उभा कापलेला बघतोय. वर तांबडाभडक जांभा, खाली पिवळट, पांढुरके पट्टे, मऊ, भुसभुशीत. मधेच पाणी झिरपतंय. वरचा जांभा कडक नि खालचं मऊ, म्हणून पावसाळ्यात त्याच्या दरडी सुटतात. सरकारी भूगर्भखात्याने त्या कड्याला राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलंय. ह्यांच्याकडे एक जुनं पुस्तक आहे त्यात वाचलं होतं, बुकानन नावाच्या साहेबाने केरळातच, अंगाडिपुरमला, हा दगड बघितला नि 1807 साली लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिलं. कारण लोक तो विटेसारखा कापून काढत होते.

"त्यात साहेबाने काय शोधलं?" काकू गडग्यावर हात आपटून म्हणाल्या. "खाणीतनं काढला की सुरीने कापावा असा, नि चार दिवस वारा लागला की कोयता बोथट करतो. माझ्या सासऱ्यांनी हेच सांगितलं असतं."

"तुमच्या सासऱ्यांनी लिहून ठेवायला हवं होतं."

"बरं, पैसे?"

हा प्रश्न येणार होताच. मी आवाज उतरवला. "साडेतीन हजार."

"किती वेळ?"

"बारा मिनिटं."

काकूंचे डोळे आकाशाकडे गेले. त्यांचा हिशेब रुपयांत चालत नाही. "पस्तिसाने धरला तर शंभर नारळ. शंभर नारळ बारा मिनिटांत! मिनिटाला किती झाले गो?"

मी प्रयत्न केला. साडेतीन हजारात बाराने भाग जात नाही. आम्ही दोघींनी बोटं मोडली नि सोडून दिलं.

"नि तो समुद्र आरे-वारेच्या घाटीत उभं राहिलं की फुकट दिसतो," काकू म्हणाल्या. "आणि ते गोव्याला झालं ते विसरलीस? केरीच्या पठारावर. पुण्याची मुलगी गेली नि तो चालवणारा पण."

विसरले नव्हते. 2025 च्या जानेवारीतली गोष्ट. टीव्हीवर बघून मीच काकूंना सांगितली होती, याच खिंडीतून. वर्कल्यालासुद्धा 2023 च्या मार्चमध्ये एक बाई नि तिचा पायलट किनाऱ्यावरच्या उंच दिव्याच्या खांबाला अडकले होते. तासाभराहून जास्त लोंबकळत होते. शेवटी बंबवाल्यांनी खाली गाद्याबिद्या अंथरून खांबच हळूहळू खाली घेतला, म्हणून वाचले.

"जीव टांगणीला म्हणतात तो अस्सा," काकू म्हणाल्या.

"म्हणून मी पट्टे आवळायच्या आधी विचारलं सगळं. परवाना दाखव म्हटलं. विमा आहे का. किती वर्षं उडवतोस. मागे जादा छत्री असते ती आहे का. ती होती, पण पोरगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, आंटी, डोंगरावर ती उपयोगी. इथे आपण पन्नास-साठ मीटरवर, उघडायला वेळ मिळेलच असं नाही. इथे वारा बघून उडायचं नि वारा बघून थांबायचं, तीच खरी छत्री. हे ऐकून मी पळायला हवं होतं. पण मला त्याच्यावर जास्तच विश्वास बसला. सगळं ठीक आहे, काही होत नाही, असं म्हणाला असता तर मी ओढणी घेऊन परत आले असते."

"नि त्या सहा जणी?"

"खालून व्हिडिओ काढत होत्या. त्यात मी दिसतच नाही. एक ठिपका नि मागे त्यांच्याच गप्पा. एक म्हणते, इडली संपली असेल आता."

"मास्तरांना सांगितलंस?"

नाही सांगितलं. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल नि गणित शिकवलं. खारे वारे, मतलई वारे. फळ्यावर निळ्या खडूने समुद्र, तपकिरी खडूने जमीन नि मध्ये बाण. घरातही वह्यांत ते बाण मी बघितलेत. नि एवढ्या वर्षांत आम्ही एकदाही उगाच म्हणून समुद्रावर गेलो नाही. आता काय सांगू, की तुमच्या त्या बाणावर मी बसून आले?

"रागावतील?"

"रागावणार नाहीत. समजावून सांगतील. ते जास्त वाईट."

दुपार चढत होती. पोफळींचे शेंडे हलायला लागले. दोरीवरचं काकूंचं पातळ फुगलं नि चिमट्यांना ताण बसला. काकूंनी त्याच्याकडे नव्याने बघितल्यासारखं बघितलं.

"हा वारा रोज अकरा वाजले की सुटतो. सकाळी का नाही गो सुटत? तिकडेही असंच?"

"तिकडेही दुपारचंच उडतात. कारण काय, की समुद्र... म्हणजे सकाळी समुद्र गार असतो... नाही, गरम असतो, आणि..."

"जमीन लवकर तापते," पडवीतून आवाज आला. "तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते. तिच्या जागी समुद्रावरची गार हवा येते. पाचवीचं आहे हे."

सायकल शेजारचा पोरगा पंक्चर काढायला घेऊन गेला होता, हे मला मागाहून कळलं. काकूंनी अतिशय सावकाश सूप उचललं. मी चिऱ्यावरचं शेवाळ नखाने खरवडायला लागले.

पडवीत वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज झाला.

"आणि मिनिटाला दोनशे एक्याण्णव रुपये सहासष्ट पैसे."