आधी ओलावा बघा

तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादेत घरात बसून चार पैसे कमावणाऱ्या बाईबद्दल लोक दोनच तर्क करतात. एक तर ती शिकवण्या घेत असेल, नाहीतर विमा विकत असेल. यातलं काहीच नाही म्हटलं की विचारणाऱ्याची नजर आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे जाते आणि आवाज खाली येतो. ‘म्हणजे ते... शेअर वगैरे?’ मी व्हर्च्युअल असिस्टंट आहे, असं एकदा शेजारच्या मावशींना सांगून पाहिलं. ‘असू दे, सरकारी नसलं म्हणून काय झालं,’ असा त्यांनी मलाच धीर दिला. इथे आयटी टॉवर होणार असं कळलं, तेव्हापासून तर ‘तुझं ऑफिस तिकडे कधी जाणार?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. आता मी सरळ सांगते, दूरच्या लोकांची कारकुनी करते. हे सगळ्यांना कळतं.

काम अवघड नाही. पुण्याच्या एका सल्लागाराच्या भेटीगाठी लावायच्या, ठाण्याच्या एका दुकानाची बिलं करायची, टेक्सासमधल्या एका मराठी दंतवैद्याची पत्रं लिहायची. तिकीट काढण्यात किंवा एक्सेलच्या रकान्यांत आकडे भरण्यात कोणाची कंबर मोडत नाही. मोडते ती माणसांपायी.

पुण्याचे सल्लागार गाडी चालवता चालवता बोलतात. त्यांचा निरोप आवाजात येतो आणि त्यात त्यांच्या आवाजापेक्षा हॉर्न जास्त असतो. पत्रातलं कळीचं वाक्य हमखास टोलनाक्यावर गडप होतं. उरलेल्या शब्दांवरून मी पत्र तयार करते. ते त्यांच्यापुढे गेलं की उत्तर येतं, ‘हे मी कधी म्हणालो?’ आदिलाबाद म्हणजे हैदराबादच्या बाजूचंच एखादं उपनगर, अशी त्यांची पक्की समजूत होती. हैदराबाद इथून तीनशे किलोमीटर आणि नागपूर त्याहून जवळ, हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘मग नागपूरचा दर लावा ना.’ नागपूरचा दर काय असतो ते मी विचारलं नाही.

टेक्सासचे डॉक्टर फार सज्जन. पण त्यांची सकाळ म्हणजे आमची रात्र. थंडीत साडेअकरा तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्याकडे घड्याळ एक तास पुढे करतात आणि आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला त्याचा पत्ता नसतो. तरी तेही चालतं. अडचण निराळी आहे. त्यांना तिकडे मराठी बोलायला माणूस मिळत नाही, आणि मी मिळते. फोनवर दहा मिनिटं काम होतं, मग लहानपणचा गणपती, आजीची पुरणपोळी, वाड्यातला आड. ऐकायला गोड वाटतं, डोळे पेंगत असले तरी. महिन्याच्या शेवटी बिल पाहून मात्र तेच नवलानं विचारतात, ‘इतके तास कशाचे?’

उलट काहींना गप्पा नकोत, पहारा हवा. अपवर्कसारख्या ठिकाणी ताशी काम घेतलं की दर दहा मिनिटांच्या टप्प्यात कधीतरी एकदा तुमच्या स्क्रीनचा फोटो निघतो आणि काम देणाऱ्याला दिसतो. पन्नास मिनिटं मान मोडून काम करावं, एकदाच तुरीचा भाव बघावा आणि फोटो नेमका तुरीचा निघावा.

आणि मग घरचे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आमच्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे, तेव्हाच्या मुंबई राज्यात म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले, आम्ही इकडे राहिलो. पण सोयरिकी कुठे वाटून घेतल्या कोणी? सीमेपलीकडच्या किनवटहून एका मेहुण्यांचा फोन येतो, ‘ताई, आपल्याच घरचं काम आहे.’ घरच्या कामाला दर नसतो, वेळ नसते आणि शेवटही नसतो.

या सगळ्यांवर मला उपाय सुचला तो मार्केट यार्डात. दिवाळीच्या सुमारास आदिलाबादच्या यार्डात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. भावाचं नंतर, आधी ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसतात. आठ टक्क्यांच्या आत असेल तर सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, पूर्ण हमीभाव देते. आठच्या वर बारापर्यंत गेला की टक्क्यामागे भाव कापतात. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, म्हणजे एका टक्क्याला सुमारे ७५ रुपये गेले. बाराच्या वर असेल तर गाडी परत. यावरून यार्डात भांडणं होतात आणि माझं मत शेतकऱ्याच्या बाजूनं आहे. पहाटेचं दव काय त्यानं पाडलं? पण पद्धत म्हणून मला ती पटली. माल उतरवून घेण्याआधी मोजून घ्यायचं. उतरवल्यावर रडण्यात अर्थ नाही.

तेव्हापासून नवा माणूस आला की मी आधी त्याला एखादं छोटंसं काम करून देते, अर्थात पैसे घेऊन. त्यात माझी परीक्षा होते असं त्याला वाटतं, वाटू द्यावं. काम काय आहे ते सांगायच्या आधीच जो दर कमी करायला लावतो, तो आठच्या वर गेलाच. ‘आधीच्या मुलीला काही जमत नव्हतं, तिच्या आधीच्या मुलीलाही नव्हतं’ असं जो सांगतो, त्याच्या बाबतीत मी बोटं मोजते. तिसरी मुलगी निघाली की बारा ओलांडले. रात्री अकराला निरोप पाठवून वर ‘घाई नाही’ लिहिणारा आठ आणि बाराच्या मध्ये कुठेतरी. यार्डात ओल्या कापसाला भाव कमी, माझ्याकडे ओल्या माणसाला दर जास्त, एवढाच फरक. डॉक्टरांचा आकडा दहाच्या पुढे आहे, पण आता आठवणींचा अर्धा तास मी माझ्या खात्यावर टाकते. आजीच्या पुरणपोळीचे पैसे लावणं बरं दिसत नाही.

बाराच्या वरच्यांना परत कसं पाठवायचं? आमच्या भागात तोंडावर ‘नाही’ म्हणायची रीत नाही. ‘घरात लग्न आहे’ हे कारण पुण्यापासून टेक्सासपर्यंत चालतं. किनवटच्या मेहुण्यांनाच ते चालत नाही. ते पत्रिका मागतील.

राहता राहिला ‘हे मी कधी म्हणालो?’ त्याचं औषध या मातीत जुनंच आहे. निजामाच्या राज्यात सरकारदरबारचा कारभार उर्दूतून चाले आणि इथला शेतकरी मराठी, तेलुगू नाहीतर गोंडी बोलणारा. त्याचं म्हणणं कचेरीच्या भाषेत बसवायला मध्ये अर्जनवीस लागे. माझ्या धंद्याचा मूळ पुरुष तोच, फक्त त्याला वाय-फाय नव्हतं. लिहिलेलं वाचून दाखवायचं, मगच अंगठा घ्यायचा, ही त्या कामाची रीत. मीही तेच करते. आवाजातला निरोप आला की चार ओळी लिहून पाठवते, ‘तुम्ही असं म्हणालात. बरोबर असेल तर हो लिहा.’ हो आल्याशिवाय कामाला हात लावत नाही. पुण्याचे सल्लागार आधी रागावले. ‘विश्वास नाही का?’ म्हणाले. हल्ली माझ्या त्या चार ओळी ते जशाच्या तशा आपल्या भागीदारांना पाठवतात, खाली स्वतःचं नाव घालून.

पैशांचं मात्र वाचून दाखवून भागत नाही. तिथे कायदा माहीत असावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात नोंदलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे, लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि लेखी ठरलं तरी ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. हे एक वाक्य बिलाच्या तळाशी छापल्यापासून ठाण्याच्या दुकानाला माझा बँक खाते क्रमांक सापडायला लागला, तोवर तो दर महिन्याला हरवत असे. टेक्सासला हा कायदा पोचत नाही, तिथे आगाऊ रक्कम घ्यावी.

तुम्हीही घरून असली कारकुनी करत असाल तर या कायद्यासाठी लागणारी उद्यम नोंदणी करून घ्या. ती १ जुलै २०२० पासून आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि तिला एक पैसाही लागत नाही, कोणी मागितला तर देऊ नका. माझ्याकडून करून हवी असेल तर मात्र पैसे पडतील, आणि ते आधी.