भोपळ्याचा नट्टापट्टा

ऐकलंत का मंडळी? अमेरिकेत विळ्या-भोपळ्याचं वैर म्हणे मिटलं! ऑक्टोबर लागला की ज्या बिचाऱ्याचं पोट फाडायचं, गर उपसायचा, डोळे-दात कोरून आत मेणबत्ती लावायची, त्या हॅलोवीनच्या भोपळ्याला आता सुरीचं टोकही लावायचं नाही. नुसतं नटवायचं. आणि नटवायचं म्हणजे किती, याला काही धरबंध?

भोपळ्याला चक्क काळ्या जाळीचा स्टॉकिंग घालतात! हो, पायात घालतात तोच. एक पाय कापायचा, त्यात भोपळा सरकवायचा, बुडाशी गाठ, देठाशी रिबीन. आतला भोपळा पांढरा असला तर ती जाळी अशी काही खुलते, की भुतानेही मान खाली घालून निघून जावं. कुणी देठाभोवती मेणखडू चिकटवून वर हेअर ड्रायर धरतं. मेण वितळून रंगीत ओघळ खाली उतरतात. ते फरशीवरही उतरतात, पण फोटोत तेवढं दाखवत नाहीत. शिवाय फुलाफुलांचे पेपर नॅपकिन चिकटवा, टिकल्या लावा, देठाला सोनेरी रंग द्या. आणि या सगळ्याआधी, बुरशी धरू नये म्हणून, ब्लीच घातलेल्या पाण्याने अभ्यंगस्नान!

साधा केशरी भोपळा तर आता गावंढळ ठरलाय. हवा तो पांढराफटक ‘लुमिना’, नाहीतर ऑस्ट्रेलियाहून आलेला निळसर राखाडी ‘जॅराडेल’, नाहीतर फ्रान्सचं माहेर सांगणारी, चपटी, तांबडीलाल ‘सिंड्रेला’. एकावर एक ठेवून त्यांची दाराशी उतरंड रचायची. ती रचून द्यायला माणसं मिळतात आणि शेकडो डॉलर मोजून घेतात!

आयर्लंड-स्कॉटलंडातले पूर्वज सलगमावर भेसूर तोंडं कोरायचे, भटक्या आत्म्यांनी फिरकू नये म्हणून. 19व्या शतकात आयरिश मंडळी अमेरिकेत आली, तिथे कोरायला सोपा, ऐसपैस भोपळा हाती लागला आणि सलगम सुटलं. आता त्याच भोपळ्याला फिकट गुलाबी रंग! कोणता आत्मा घाबरणार हो याला?

नटवणाऱ्यांची वकिलीही तयार असते. कोरलेला भोपळा आठवडाभरात मान टाकतो; अख्खा असला तर थंड हवेत नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत सहज निघतो. ओल्या सालीवरून सुरी निसटते, हाताचे सर्जन दर ऑक्टोबरला कानीकपाळी ओरडतात. कबूल. रंगाचं एक पुण्यकर्मही कबूल: 2014 पासून अमेरिकाभर दारात मोरपंखी भोपळा दिसला, की ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी इथे गोळ्या-चॉकलेटांऐवजी खेळणी, स्टिकर मिळणार असं समजायचं.

न्यू जर्सीतल्या आपल्या वहिनींना तर निमित्तच हवं होतं. 2024 मध्ये तिकडे लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच संध्याकाळी आले, 31 ऑक्टोबरला. दाराच्या या अंगाला पणत्या, त्या अंगाला भोपळा. मग त्याच्यावर वारलीची माणसं नाचली तर दोष कुणाचा? अख्खा कोहळा बाईने आधी फोडायचा नाही, ही जुनी रीत. सुरी न लावायची सबब त्यांना आजीनेच देऊन ठेवलेली!

पण खरी खमंग गोष्ट पुढेच आहे. ‘अन्न वाया जायला नको, म्हणून आम्ही कोरत नाही,’ असं सांगणारेच त्या भोपळ्यावर स्प्रे पेंट मारतात, चमकी उधळतात, गरम गोंदाने खडे डकवतात. मग तो ना पोटात जाण्याजोगा, ना खतात, ना खारीच्या तोंडी. त्यातही गंमत अशी, की कोरायला म्हणून विकतात तो मोठा केशरी भोपळा पाणचट आणि रेषाळ. खायला गोड असतात त्या सिंड्रेला आणि जॅराडेल. आणि रंगाचा डबा उपडा होतो नेमका त्यांच्यावरच!

तेव्हा आमचा निकाल ऐका. रंग, गोंद, चमकी जी काय हौस असेल ती केशरी भोपळ्यावर भागवा. सिंड्रेलाला स्टॉकिंग चढवा, रिबीन बांधा, पण दुसऱ्या दिवशी उतरेल तेवढंच; आणि तिला आंघोळ साध्या पाण्याची. 1 नोव्हेंबरला कपडे काढा, स्वच्छ धुवा, किसा, गूळ घाला आणि घारगे तळा.