मोजणीदार

ऑर्केस्ट्रातला ट्रम्पेटवादक हा वाजवण्यापेक्षा न वाजवण्यात अधिक मुरलेला कलावंत होय. अठराव्या शतकातल्या सिंफनींत ट्रम्पेटला नगाऱ्यांच्या जोडीने मोजक्याच जागा मिळत. संथ भागात तर त्याने हाताची घडी घालून बसावे, अशीच बहुधा योजना असे. वाद्याला तेव्हा बटणे नव्हती. सरळ फुंकून निघतील तेवढेच स्वर. 1815 च्या सुमारास जर्मनीत व्हॉल्व्हचा शोध लागला, पुढे तीन बटणांवर सगळे स्वर आले, तरी संगीतकारांनी ट्रम्पेटला हात राखूनच काम दिले. व्हायोलिनवाले घोळक्याने बसतात, त्यामुळे एकाची चूक सगळ्यांत वाटली जाते. दीड मीटर पितळी नळीतून निघालेली चूक मात्र शेवटच्या रांगेपर्यंत जाते आणि तिच्या मालकाबद्दल कोणाला शंका राहत नाही.

मग उरलेल्या वेळात हा मोजतो. चाळीस बारांची (चार-चार मात्रांच्या गटांची) विश्रांती असेल तर प्रत्येक बाराचा पहिला आकडा बदलायचा, ही जगभरची रीत आहे: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. चाळीस संपले की चार स्वर, की पुन्हा एकपासून. ही सवय सभागृहात ठेवून घरी येता येत नाही. पत्नीने “आणखी एक पोळी वाढू का?” असे विचारले, तर एक बोट वर होते आणि ओठ हलतात: एकवीस-दोन-तीन-चार. सोसायटीच्या सभेत टँकरच्या पाण्यावर तासभर रण माजते, हा गप्प. शेवटी ताठ बसून, खोल श्वास घेऊन तो एकच वाक्य खणखणीत बोलतो आणि खाली बघतो. त्याचा प्रवेश अचूक असतो. विषय मागचा असतो.

मावळात मात्र या मोजण्याकडे आदराने पाहिले जाते. तळेगाव दाभाड्यालगत, इंद्रायणीकाठी असलेल्या आंबीत औद्योगिक वसाहत आली, डी. वाय. पाटील यांची कॉलेजे आली आणि जमिनीचे भाव गगनाला गेले. तिथे चहाच्या टपरीवर बसून बोटांवर आकडे मोजणारा माणूस गुंठ्याचा हिशेब करत असणार, यात कोणाला संशय नसतो. चार लोक अदबीने सरकून जागा देतात. एखादा हळूच विचारतोही, “साहेब, कुठली मोजणी?” उत्तर मिळते: “ड्वोरझाकची.” गावात या संगीतकाराच्या नावाचा सातबारा कोणाकडेच नसतो.

रियाज हा या जातीचा दुसरा त्रास. फ्लॅटमध्ये वाजवले की खालचा, वरचा आणि समोरचा अशा तिन्ही शेजाऱ्यांची तक्रार येते, म्हणून हा नदीकाठ गाठतो आणि म्हशींसमोर लांब स्वर धरतो. म्हशी उठून जात नाहीत, एवढ्यावर तो त्यांना रसिक ठरवतो. (ट्रम्पेटला महाराष्ट्रात मोठा जनाधार लाभला तो मतदानात. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात त्या चिन्हावरच्या अपक्षाला 37 हजारांवर मते पडली आणि ‘तुतारी फुंकणारा माणूस’ हे मिळतेजुळते चिन्ह असलेले उमेदवार 32 हजारांवर मतांनी हरले. वाजवणाऱ्याचा त्यात काही हात नव्हता.)

समानधर्मी शोधण्याची त्याला हौस फार, आणि ते भेटतात लग्नात. हा पाहुणा स्टेजकडे जातच नाही. आहेराचे पाकीट खिशात तसेच ठेवून बँडपाशी थांबतो. तिथला ट्रम्पेटवाला मेरठच्या जली कोठीतून निघालेले, दोन ठिकाणी झाळलेले वाद्य घेऊन घाम पुसत असतो. आमचा गृहस्थ त्याला गाल न फुगवण्याचे महत्त्व सांगतो. तो ऐकून घेतो. मग विचारतो, “साहेब कुठल्या पार्टीत?”

“सिंफनी ऑर्केस्ट्रा. हौशी आहे.”

“किती वेळाचा प्रोग्राम?”

“चाळीस मिनिटं. त्यात मला तीनेक मिनिटं.”

“आणि सुपारी पुरती घेता?”

उलट वर्गणी भरावी लागते, हे कळल्यावर बँडवाला आपली खुर्ची त्याला देतो. वरात तीन तास चालली तर तीन तास फुंकायचे, हा त्याचा हिशेब. पुण्यात विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार यांसारखी नामवंत पथके वाजवतात, ती मिरवणूक संपायला दुसरा दिवस उजाडतो. कार्ल्याच्या एकवीरेला चैत्रात आगरी-कोळ्यांच्या पालख्या येतात, त्यांच्यापुढेही पितळ असते. तिथे विश्रांती लिहिलेली नसते. मुळात काहीच लिहिलेले नसते, सगळे कानावर आणि ओठावर.

दोघांचे जुळते ते ‘अलबेला’पाशी. 1951 च्या या चित्रपटाला संगीत पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांचे. पडद्यावर बँड दिसतो तो हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझ यांचा. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणे. गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन गिरवलेल्या अशा कितीतरी वादकांनी हिंदी चित्रपटांचे पितळ वाजवले. आमच्या दोघांपैकी एकाने ते कागदावरून शिकायचे ठरवले, दुसऱ्याने लाउडस्पीकरवरून उचलले. पूर्वज एकच निघतात. या आनंदात बँडवाला वाद्य पुढे करतो: “घ्या साहेब, एक गाणं.” साहेब वाद्य घेतात, पाय जुळवतात, प्रवेशाची वाट पाहू लागतात. सात-दोन-तीन-चार. वरात तोवर कमानीबाहेर पोचलेली असते.

पुढे एकातून दुसरा मिळत जातो. खडकीहून निवृत्त झालेला लष्करी बँडवाला येतो आणि अंगाईसुद्धा कवायतीच्या चालीवर वाजवतो. शाळेच्या बँडचे मास्तर येतात, ते प्रत्येकाला रांगेत उभे करतात. रविवारी टपरीमागे मंडळ जमते. मुंबईच्या एनसीपीएत 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिथे सगळ्यांनी मिळून जायचे, हा ठराव दर रविवारी होतो. तिकिटाची रक्कम ऐकून तो पुढच्या रविवारी जातो.

या मंडळात ट्रम्पेटवादकाला एक गोष्ट उशिरा कळते. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नसतात. मधे गणपतीचे दहा दिवस सोडले, तर बँडवाल्याचे वाद्य खुंटीवर. तो भातलावणीला जातो, गवंड्याच्या हाताखाली जातो आणि तुळशीचे लग्न कधी, हे बोटांवर मोजतो. अलीकडे ही विश्रांती चार महिन्यांत संपत नाही. लग्ने डीजेकडे गेली. बँड उरला तिथेही चाकांच्या गाडीवर कॅसिओ आणि भोंगे आले. सहा ट्रम्पेटांच्या जागी दोन उरले, तेही गाडीच्या आवाजामागे. ऑर्केस्ट्रावाल्याला निदान पुढच्या प्रवेशाचा आकडा कागदावर छापून मिळतो.

तेव्हापासून हा गृहस्थ पावसाळ्यात रोज बँडवाल्याच्या घरी जातो. एरवी कंटाळवाणा, उपदेशाला सोकावलेला, पण एवढे करतो. दोघे लांब स्वर धरतात, कारण पंधरा दिवस फुंकले नाही तर ओठ जातात. शिकवणीचे पैसे तोच देतो आणि शिकवतोही तोच; कोण कोणाला शिकवते, यावर दोघांचे एकमत नाही. गाल अजून फुगतात.

लग्न ठरलेल्या घरांनी बँडची सुपारी कार्तिकातच द्यावी. ऐन वैशाखात चांगला ट्रम्पेट मिळत नाही. ऑर्केस्ट्रातला मात्र बारमाही मोकळा असतो आणि पैसेही घेत नाही. फक्त वरात त्याच्यासाठी थांबवावी लागते.